सराफांची दुकानं खेटून का असतात? आणि वर्गात त्याचं चुकीचं उत्तर का शिकवतात?

पांझराकाठ (धागाकर्ता)

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो. बी.ए.च्या अर्थशास्त्राच्या वर्गात हॉटेलिंगचं मॉडेल ज्या पद्धतीने शिकवलं जातं ती पद्धत बंद करावी. मॉडेलवर माझा राग नाही. तरी "मग तुम्ही मॉडेलच्याच विरोधात आहात" असं लिहायला दोघं-तिघं येतीलच, त्यांनी आधी पूर्ण वाचावं ही विनंती.

ज्यांचा विषय अर्थशास्त्र नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. हॅरॉल्ड हॉटेलिंग या अमेरिकन गणितीने १९२९ साली 'इकॉनॉमिक जर्नल'मध्ये एक लेख लिहिला. एक सरळ रस्ता, त्यावर सारख्या अंतराने राहणारी गिऱ्हाइकं, आणि एकच माल विकणारे दोन दुकानदार. मालाची किंमत अधिक घरापर्यंतची वाहतूक जिथे कमी पडेल तिथे गिऱ्हाईक जातं. दोघांचा भाव सारखाच धरला, तर प्रत्येक जण दुसऱ्याच्या बाजूला थोडा थोडा सरकतो आणि शेवटी दोघं रस्त्याच्या मधोमध पाठीला पाठ लावून उभे राहतात. १० किलोमीटरचा रस्ता घ्या. एक दुकान अडीच किलोमीटरवर आणि दुसरं साडेसातवर असेल, तर गिऱ्हाइकाला सरासरी सव्वा किलोमीटर चालावं लागतं. दोघं मध्ये आले की अडीच किलोमीटर. धंदा दोघांचा आधीइतकाच, निम्मा-निम्मा. तंगडतोड मात्र दुप्पट. फळ्यावर दहा मिनिटांत होतं आणि मागच्या बाकावरची पोरंही मान वर करतात.

गडबड त्यानंतर होते. हे एकदा कळलं की पोरांना सगळीकडे हॉटेलिंग दिसायला लागतो. चौकात चार रसवंत्या का? हॉटेलिंग. निवडणुकीत सगळे पक्ष एकसारखं का बोलतात? हॉटेलिंग. अंतर्गत परीक्षेत मी विचारलं की जळगावच्या सराफ बाजारात दुकानाला दुकान का लागून आहे, तर वर्गाने जवळपास एकमुखाने लिहिलं: "प्रत्येक विक्रेता मध्यभागी सरकतो." खाली आकृती समुद्रकिनाऱ्याची, दोन आइस्क्रीमच्या गाड्यांसकट. तो समुद्रकिनारा हॉटेलिंगच्या लेखात नाहीच. तिथे गावातला मुख्य रस्ता आहे, रेल्वेमार्ग आहे. किनारा पाठ्यपुस्तकवाल्यांनी मागाहून आणला. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही याचं मला काही वाटत नाही. बसस्टँड रोज पाहतात आणि आकृती काढताना तो आठवत नाही, याचं वाटतं.

आता सराफ बाजार. चोपड्याहून, यावलहून लग्नाची खरेदी करायला निघालेलं कुटुंब दुकान ठरवून निघत नाही, बाजार ठरवून निघतं. चार दुकानं फिरू, घडणावळ विचारू, पटलं तर घेऊ. एका दुकानातून दुसऱ्यात जायचा वाहतूकखर्च शून्य. मॉडेलमध्ये गिऱ्हाइकं ठरलेली आहेत आणि दुकानदार त्यांची वाटणी करतात. इथे दुकानं एकत्र आहेत म्हणून गिऱ्हाइकं वाढतात. दोन्हीकडे दुकानं खेटूनच दिसतात, पण कारण उलटं आहे. दिसतं ते सारखं म्हणून कारणही सारखं, ही सवय एकदा लागली की अर्थशास्त्र शिकवून काय उपयोग?

माझा प्रस्ताव असा. पहिले दोन तास पोरांना आठवडे बाजारात आणि एखाद्या जिनिंगच्या (कापसातून सरकी काढणाऱ्या कारखान्याच्या) फाटकावर घेऊन जावं. एकच प्रश्न विचारायला लावावा: माल नेण्याचं भाडं कोण भरतं? हॉटेलिंग त्यानंतर.

बोला.

सरळरेषा

सपशेल असहमत. आणि हो, पूर्ण वाचलं.

सर, पोरांनी चुकीचं लिहिलं कारण तुम्ही प्रश्न चुकीच्या जागी विचारला. समुद्रकिनारा चांगला आहे तो रिकामा आहे म्हणूनच. तिथे जातपात नाही, उधारी नाही, वडिलोपार्जित गाळा नाही, मामाचं दुकान नाही. दोन गाड्या आणि वाळू, बस. तुम्ही पोरांना आधी आठवडे बाजारात नेलं तर ती शंभर गोष्टी बघून येतील आणि एकही कारण वेगळं काढू शकणार नाहीत. वर्गात परत आल्यावर "सर, सगळं एकमेकांत गुंतलेलं आहे" म्हणतील. हे वाक्य ऐकायला बरं वाटतं, पण त्यातून काहीच कळत नाही.

आणि सराफ बाजाराबद्दलही तुमचं पूर्ण पटलं नाही. हॉटेलिंगच्या सोप्या रूपात अट काय? भाव बांधलेला हवा. सोन्याचा त्या दिवसाचा भाव सगळ्या दुकानांत एकच असतो. म्हणजे उभ्या खान्देशात ती अट पाळणारा बाजार शोधायचा तर सराफ बाजारच सापडेल! तुमच्या पोरांनी अगदीच वेड्यासारखं लिहिलेलं नाही. अर्धे गुण तरी द्या.

बीए_थर्ड_इयर

सर मी तुमच्या वर्गात नाही पण अर्धे गुण द्या 🙏

हिशेबनीस

सराफीत हिशेब लिहिण्यात आयुष्य गेलं, म्हणून मध्ये बोलतो. सरळरेषा, सोन्याचा भाव एक असतो हे खरं. पण दुकानदार कमावतो कशावर? घडणावळीवर, आणि जुना दागिना मोडीत घेताना धरलेल्या घटीवर. ती दर दुकानाला वेगळी, दर गिऱ्हाइकाला वेगळी, आणि लग्नसराईत दुपारची वेगळी, संध्याकाळची वेगळी. भाव बांधलेला दिसतो तो फक्त पाटीवर.

दुसरं असं की दुकानं एका ठिकाणी राहण्याचं मोठं कारण रस्त्यावरून दिसतच नाही. ते मागच्या बोळात आणि माडीवर आहे. घडवणारा, पॉलिश करणारा, खडे बसवणारा, शुद्धता तपासून देणारा, डाग देणारा (सांधा जोडणारा). गिऱ्हाइकाने अंगठी सैल करून मागितली तर पोऱ्या पाच मिनिटांत करून आणतो. मालक गावाबाहेर हायवेला गेला तर त्या अंगठीसाठी गिऱ्हाइकाला उद्या बोलवावं लागेल. शिवाय एखादा नमुना आपल्याकडे नसला की शेजारच्याकडून आणून दाखवतात. ज्याच्याशी सकाळी गिऱ्हाइकावरून भांडण, त्याच्याकडूनच दुपारी माल.

हॉलमार्क आला तेव्हा आमच्याकडे चर्चा होती की आता शुद्धतेची खात्री सरकारच देतंय, तेव्हा बाजाराच्या नावाचा काय उपयोग, दुकानं पांगतील. मोठी दुकानं मोठ्या जागेत गेली, बाजार काही पांगला नाही.

पांझराकाठ

हिशेबनीस काका, हे सोन्यासारखं आहे (क्षमस्व). मागच्या बोळाचा मुद्दा अल्फ्रेड मार्शलने १८९० सालीच मांडलेला आहे: एका धंद्याचे लोक एका जागी राहिले की कारागीर, सुटे भाग आणि धंद्यातली अक्कल तिघंही तिथेच जमतात. आमच्या अभ्यासक्रमात मार्शल आहे. पण तो मागणीच्या लवचिकतेपुरता येतो आणि जातो.

सरळरेषा, भाव बांधलेला नाही हे आता सिद्ध झालं. अर्धे गुण परत घेतो.

सरळरेषा

घ्या परत. पण सर, हॉटेलिंगच्या मूळ लेखातही भाव बांधलेला नाही, हे तुम्ही सोयीस्करपणे गाळलंत.

लेखाचं शीर्षकच स्पर्धेतल्या स्थैर्याबद्दल आहे. त्याआधी बर्ट्रांडने १८८३ साली दाखवलं होतं की एकच माल विकणारे दोघं भावावर भिडले, तर एक पैसा कमी केला की सगळं गिऱ्हाईक इकडे, दुसऱ्याने दोन पैसे कमी केले की सगळं तिकडे, असं करत दोघं नफ्याच्या बाहेर. हॉटेलिंग म्हणाला, प्रत्यक्षात असं होत नाही. मी चहा एक रुपयाने महाग केला तर माझ्या दारातलं गिऱ्हाईक त्या रुपयासाठी पलीकडच्या फाट्यावर जात नाही. अंतर दुकानदाराला सांभाळून घेतं. लेखाचा खरा शोध हा आहे. मधोमध सरकणं त्यातून पुढे काढलेला निष्कर्ष होता, आणि गंमत अशी की तोच चुकला. १९७९ साली बेल्जियममध्ये काम करणाऱ्या तिघांनी (द'अस्प्रमाँ, गाब्शेविच आणि तिस) दाखवलं की दोघं फार जवळ आले तर भाव स्थिर राहूच शकत नाहीत, कारण मग अंतराचं संरक्षण संपतं आणि बर्ट्रांडची मारामारी परत सुरू होते. वाहतूकखर्च अंतराच्या वर्गाने वाढतो असं धरलं तर दोघं उलट रस्त्याच्या दोन टोकांना पळतात.

म्हणजे जवळपास पन्नास वर्षं एक चूक प्रतिष्ठेने पाठ्यपुस्तकात राहिली. शिकवायला याहून चांगली गोष्ट कुठली? आणि ही चूक सापडली ती रिकाम्या रेषेवर. आठवडे बाजारात हिंडून कोणालाच सापडली नसती.

अहिराणी_भो

तुमनं म्हननं खरं शे भो, पन आमना गावमा दोनी चहावाला सख्खा भाऊ शेतस. त्या भाववरथून भांडतस नही, बांधवरथून भांडतस. हाई कोनता मॉडेलमा बसस?

बीए_थर्ड_इयर

😂😂 सर हे पेपरात विचारा

कांदेबाग

तुमची चर्चा वाचतोय. चहा, आइस्क्रीम, सोनं. सगळीकडे विकणारा दुकानात आणि घेणारा चालत येतोय. आमच्याकडे घेणारा बसलेला आहे आणि विकणारा हिंडतोय, त्याचं काय?

पांझराकाठ सरांनी 'भाडं कोण भरतं' म्हटलं म्हणून लिहितो. कापसाचं बघा. जिनिंग तालुक्याच्या गावाला. गावात येतो तो खेडा खरेदीवाला, काटा घेऊन, रोख पैसे देऊन. समजा जिनिंगचा भाव ७२०० आणि तो देतो ७०००. क्विंटलमागे दोनशेचा फरक. आता माझ्याकडे दहा क्विंटल असेल तर पिकअपचं भाडं, भरायला-उतरवायला मजूर, फाटकावर रांग, तिथे ओलावा दाखवून कापलेले पैसे हे सगळं वजा जाता दोनशेतले किती उरतात? तीस-चाळीस. शंभर क्विंटलवाला ट्रॅक्टर-ट्रॉली भरून नेतो आणि त्याला परवडतं. म्हणून एकाच गावात, एकाच दिवशी, एकाच कापसाला दोन भाव. मोठ्याला जास्त, लहानाला कमी. खेडा खरेदीवाला काही चोर नाही. त्याने फक्त माझं भाडं मोजलेलं असतं, माझ्यापेक्षा नीट.

केळीचं आणखी वेगळं. तिथे व्यापारीच गाडी आणि मजूर घेऊन शेतात येतो, भाडं त्याचं. भाव रावेरचा नाहीतर बऱ्हाणपूरचा धरायचा. मग कागदावर सगळे सारखे ना? नाही. माझं शेत डांबरी रस्त्याला लागून असेल तर कटाईला नंबर आधी लागतो. नाल्यापलीकडे, चिखलातून जावं लागत असेल तर "दोन दिवसांनी बघू". केळी दोन दिवस थांबत नाही. पिकली की वापसीच्या, म्हणजे नाकारलेल्या मालाच्या, भावात जाते. म्हणजे नाल्याचं भाडं मीच भरलं, फक्त पावतीवर लिहिलेलं नाही.

हे तुमच्या सरळ रेषेवर कुठे येतं?

सरळरेषा

कांदेबाग दादा, येतं. अगदी सरळ येतं. तुम्ही रेषा उलटी धरली, एवढंच. दोन जिनिंग रस्त्याच्या दोन टोकांना, मध्ये सारख्या अंतराने शेतकरी. प्रत्येक शेतकरी 'भाव वजा भाडं' जिथे जास्त मिळेल तिथे माल नेतो. जिनिंगला माहीत असतं की जवळचा शेतकरी दुसरीकडे जाणार नाही, म्हणून ती भाव दाबते. अंतर जितकं महाग तितका भाव दबलेला. मी वर चहाबद्दल लिहिलं तेच, अंतर सांभाळून घेतं. फक्त इथे ते तुम्हाला नाही, घेणाऱ्याला सांभाळतं.

आणि रस्ता डांबरी झाला, भाडं कमी झालं, तर भाव वाढायला हवा. फक्त मालवाल्याचं भाडं वाचलं म्हणून नव्हे, दोन जिनिंग एकमेकींच्या जवळ आल्यासारख्या झाल्या म्हणून. हा दुसरा परिणाम मॉडेलशिवाय दिसत नाही.

कांदेबाग

दुसऱ्या परिणामाला एक अट राहिली. दोन्ही जिनिंगचे मालक सकाळी फोनवर बोलत नसतील तर.

हिशेबनीस

कांदेबाग 🙏 षटकार.

गिरणाथडी

अर्थशास्त्राचा माणूस नाही, इतिहास वाचतो. मला या सगळ्यात एक गोष्ट खटकते. तुमच्या मॉडेलमध्ये रस्ता आधीपासून आहे आणि दुकानदार जागा निवडतो. खान्देशात बऱ्याचदा रस्ता कुठे जाईल हे दुसऱ्याने ठरवलं आणि बाजार त्याच्यामागे गेला.

धुळ्याचं बघा. १८१८ ला इंग्रजांचा अंमल आला आणि कॅप्टन ब्रिग्जने धुळं मुख्य ठाणं म्हणून निवडलं, कारण जागा मध्यवर्ती आणि पुण्याहून उत्तर हिंदुस्तानाकडे जाणाऱ्या हमरस्त्यावर. ही निवड साहेबाची, व्यापाऱ्याची नव्हे. व्यापाऱ्यांना मग सवलती देऊन बोलावून वसवलं. जळगाव तर त्यावेळी फारसं कोणाच्या खिजगणतीत नव्हतं. मग रेल्वे आली, आणि त्याच सुमाराला अमेरिकेतलं यादवी युद्ध. तिकडचा कापूस बंद झाला, मँचेस्टरने इकडचा उचलला आणि १८६२ ते १८६५ मध्ये जळगाव कापसाची मोठी पेठ झालं. युद्ध संपल्यावर भाव कोसळला, तेव्हा त्याच पेठेने मारही खाल्ला. पण पेठ उठली नाही. १९०६ ला खान्देशाचे दोन जिल्हे झाले तेव्हा पूर्व खान्देशाचं ठाणं जळगावला गेलं.

म्हणजे आज यावलचं कुटुंब सोनं घ्यायला जळगावला का जातं, याचं उत्तर अर्धं तरी रेल्वेच्या नकाशात आहे. हे सरळरेषेला कसं कळणार?

सरळरेषा

कळणार नाही, मान्य. रेषा कुठून आली हे रेषा सांगत नाही. पण तुम्ही जे सांगितलंत तो एकदा घडलेला इतिहास झाला. उद्या समृद्धीसारखा नवा महामार्ग निघाला तर बाजार कुठे सरकेल, हे तुमच्या गोष्टीवरून सांगता येईल का?

गिरणाथडी

तुमच्या मॉडेलवरून तरी येईल का? तिसरा दुकानदार आला की ते कोलमडतं असं ऐकलंय.

सरळरेषा

😅 हे कुठे वाचलंत? हो, भाव बांधलेला धरला तर दोन दुकानदारांचा तोल जमतो, तिघांचा जमत नाही. लर्नर आणि सिंगर यांनी १९३७ साली ते मांडलं. मधला दोघांत दाबला जातो, त्याचं गिऱ्हाईक संपतं, मग तो उडी मारून बाहेरच्या बाजूला जातो. आता दुसराच कोणी मधला होतो आणि तोही उडी मारतो. हे थांबतच नाही. चार झाले की पुन्हा जमतं, दोघं रस्त्याच्या एक चतुर्थांशावर आणि दोघं तीन चतुर्थांशावर.

पण याला कोलमडणं म्हणू नका. तीन हातगाड्या असलेल्या स्टँडवर संध्याकाळी जाऊन बघा, गाड्या एका जागी उभ्या राहतात का.

पांझराकाठ

बघा! शेवटी तुम्हीच स्टँडवर पाठवलंत.

शेवंता_आत्या

माझे वडील आठवडे बाजारात कापड विकायचे. बोचकं बांधून रोज नवं गाव. वारावारी बाजार ठरलेला: एका गावचा सोमवार, शेजारचा मंगळवार, पलीकडचा बुधवार. लागून असलेल्या दोन गावांचा बाजार एका वारी बसत नाही, बसला तर एकाचा मोडतो. तुम्ही सगळे जागेबद्दल बोलताय. आमच्या घरी जागेचा प्रश्नच नव्हता, वाराचा होता.

बाजाराच्या आतली जागा मात्र ठरलेली. कापडवाले कापडाच्या ओळीत, मिरचीवाले मिरचीच्या, भांडीवाल्या भांड्यांच्या. कोणी नवा आला आणि ओळीत न बसता वेशीपाशी एकटा बसला, की येणाऱ्या पहिल्या बायका त्याच्याकडे थांबायच्या, भाव विचारायच्या आणि पुढे निघून जायच्या. कारण पुढे ओळ आहे हे त्यांना माहीत. परत फिरून त्याच्याकडे कोण येणार? वडील म्हणायचे, पहिल्याला विचारतात, मधल्याकडे घेतात. आमची जागा मधली होती, म्हणून ते असं म्हणत असतील.

आणि एक. बाजारातून घरी जाताना बाईच्या डोक्यावर ओझं असतं. जड माल, म्हणजे धान्य, भांडी, बाहेर जायच्या वाटेवर. हलका माल आत. हे कोणी लिहून ठेवलेलं नव्हतं, पण बाजार असाच लागायचा.

पांझराकाठ

आत्या, मला नेमकं हेच म्हणायचं होतं, आणि माझ्यापेक्षा चांगलं म्हटलंत.

वाराच्या मुद्द्याबद्दल थोडं. जर्मन भूगोलज्ञ क्रिस्टलर याने १९३३ मध्ये दक्षिण जर्मनीतल्या गावांचा अभ्यास करून दोन गोष्टी सांगितल्या. धंदा टिकायला कमीत कमी किती गिऱ्हाईक लागतं, हे एक. आणि गिऱ्हाईक त्या वस्तूसाठी जास्तीत जास्त किती लांब येईल, हे दुसरं. गिऱ्हाईक येऊ शकतं तेवढ्या टप्प्यात दुकान चालवण्याइतकी माणसंच नसतील तर? मग दुकान कायमचं उभं राहत नाही. दुकानच हिंडायला लागतं. सात गावांचं गिऱ्हाईक मिळून एक धंदा. आत्यांच्या वडिलांचं बोचकं म्हणजे हेच. अमेरिकी मानववंशशास्त्रज्ञ स्किनर याने १९६०च्या दशकात चीनमधल्या सेचवान प्रांतातल्या ग्रामीण बाजारांवर लिहिताना असंच वेळापत्रक सविस्तर मांडलं, शेजारच्या बाजारांच्या तारखा एकमेकांना कशा चुकवतात त्यासकट.

आता गंमत बघा. क्रिस्टलर भूगोलाच्या पोरांना आहे, हॉटेलिंग अर्थशास्त्राच्या. दोन्ही विभागांच्या खोल्या शेजारी आहेत, भिंत एकच. मी वीस वर्षांत भूगोलाच्या सरांशी यावर एकदाही बोललो नाही, चहा मात्र रोज घेतो.

सरळरेषा

आत्यांचं निरीक्षण मॉडेलमध्ये घालायला जमिनीवर बसून गणित करावं लागेल, पण करण्यासारखं आहे. पहिल्याला विचारतात आणि मधल्याकडे घेतात: हे शोधखर्चाचं गणित आहे. भाव विचारण्याला जोवर खर्च येतो, तोवर जिथे दहा भाव एका जागी कळतात तिथेच गिऱ्हाईक जाणार. एकट्याने वेशीपाशी बसणारा स्वस्त असला तरी ते गिऱ्हाइकाला कळणार कसं?

पांझराकाठ सर, सराफ बाजाराच्या बाबतीत तुम्ही बरोबर होतात हे मान्य करतो. तिथे हॉटेलिंग कमी आणि शोधखर्च जास्त. पण शिकवण्याच्या क्रमाबद्दल अजूनही असहमत. आत्यांना हे दिसलं कारण त्या लहानपणापासून बाजारात बसल्या. आमचं पोरगं दोन तास बाजारात जाऊन आलं तर त्याला भेळ दिसेल.

बीए_थर्ड_इयर

भेळ नाही सर, शेव 😌

पण खरंच एक विचारायचंय. विद्यापीठाच्या पेपरात हे लिहिलं तर गुण मिळतील का? आमच्याकडे तपासणारे मुद्दे मोजतात. प्रस्तावना, गृहीतके, आकृती, टीका, समारोप. 'टीका' मध्ये चार मुद्दे पाहिजेत, पाच लिहिले तर छान. खेडा खरेदी कोणत्या मुद्द्यात बसवू?

पांझराकाठ

'गृहीतके' मध्ये. "ग्राहक वाहतूकखर्च स्वतः भरतो" हे गृहीतक आहे ना? त्याखाली दोन ओळी लिही: मालवाल्याने भरला तर काय, व्यापाऱ्याने भरला तर काय. तपासणाऱ्याने गुण कापले तर माझं नाव सांग. उपयोग होणार नाही, पण सांग.

हिशेबनीस

बाळा, आकृती मात्र समुद्रकिनाऱ्याचीच काढ. तपासणाऱ्याला तीच ओळखीची.

पांझराकाठ

पुढच्या वेळेला प्रश्न असा देणार आहे. "समजा दोन जिनिंगमध्ये ३० किलोमीटरचं अंतर आहे. कापूस नेण्याचं भाडं क्विंटलला किलोमीटरमागे ५ रुपये. एका जिनिंगचा भाव ७२००, दुसरीचा ७१४०. कोणत्या गावापासून पुढचा माल दुसरीकडे जाईल? आणि मधोमध एक खेडा खरेदीवाला बसला तर तो कमीत कमी किती भाव देईल?"

पहिल्या भागाचं उत्तर: पहिल्या जिनिंगपासून २१ किलोमीटर. तिथे दोन्हीकडे हाती ७०९५ पडतात. दुसऱ्या भागात मधोमध म्हणजे १५ किलोमीटरवर पहिल्या जिनिंगला नेलं तर ७१२५ हाती राहतात, म्हणून ७१२५ च्या खाली त्याला माल मिळू नये. यावर वर्गात भांडण होईल अशी आशा आहे.

सरळरेषा

प्रश्न चांगला. (रेषेवरचा आहे, नोंद घ्यावी.) खेडा खरेदीवाल्याचं उत्तर मात्र शंभर क्विंटलवाल्यालाच लागू आहे. भाडं क्विंटलमागे धरलंत म्हणून. पिकअप दहा क्विंटलला आणि वीस क्विंटलला तेवढेच पैसे घेतं.

कांदेबाग

आणि पिकअपवाला जाताना भरून जातो, येताना रिकामा येतो. परतीचं भाडं तो माझ्याच कापसावर लावतो. पण खताच्या दिवसांत, सरकीची पेंड गावाकडे यायची असते तेव्हा, तोच माणूस निम्म्यात नेतो. म्हणजे तुमचे ते ५ रुपये एका महिन्यात पाच आणि दुसऱ्या महिन्यात अडीच. २१ किलोमीटरचा दगड पोरांना रोवायला लावायचा असेल, तर आधी महिना कोणता ते प्रश्नात लिहा.